एका सुंदर वाक्याचा पेण-रोहा दौरा

रायगड जिल्ह्यात पुण्याहून दोन प्रकारची माणसं उतरतात. एक मासे खायला येणारी आणि दुसरी वंचितांवर माहितीपट काढायला येणारी. पहिली संध्याकाळी घरी परततात, दुसरी पुरस्कार मिळेपर्यंत येत राहतात. गेल्या माघात मी या दुसऱ्या कळपाबरोबर तीन दिवस पेण-रोह्याला जाऊन आले, आणि तेव्हापासून विचारेल त्याला सांगते की बाबा, मासे खाऊन ये.

माझा या धंद्याशी काय संबंध, ते आधी सांगायला हवं. मी मराठीची निवृत्त प्राध्यापिका. निवृत्तीनंतर आमच्यातल्या निम्म्यांना आत्मचरित्र होतं, उरलेल्यांना कोणीतरी निवेदन लिहायला बोलावतं. कौस्तुभ हा माझा जुना विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर झोपायचा, आता स्वतंत्र लघुपट आणि माहितीपट करतो. 'स्वतंत्र' म्हणजे पैसे दुसऱ्याचे आणि मतं स्वतःची. हमरापूरच्या एका गणपती कारखान्यात काम करणाऱ्या मंजुळा वाघमारे या कातकरी बाईवर त्याने वीस मिनिटांचा माहितीपट केला आणि निवेदन माझ्याकडून लिहून घेतलं. मी ते कोथरूडच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, दोन संध्याकाळींत लिहिलं. हमरापूर मी तोवर पाहिलेलं नव्हतं. मंजुळाला भेटायची गरज मला वाटली नाही, कारण पडद्यावर ती पुरेशी दुःखी दिसत होती.

त्या निवेदनात एक वाक्य आहे. पडद्यावर मंजुळा पॉलिश पेपरने गणपती घासतेय, पांढऱ्या धुळीचा लोट उठलाय, कॅमेरा वरून तिच्या डोक्यावर उतरतोय, मागे कोणीतरी परदेशी वाद्य रडवतंय, आणि निवेदिका म्हणते : 'या हातांनी हजारो देव घडताना पाहिले, पण या हातांना ठाऊक आहे ती फक्त धूळ.' हात पाहतात कसे, असा प्रश्न एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारून मी तिचे दोन गुण कापले असते. स्वतःच्या बाबतीत मी उदार आहे. शिवाय वाक्य गाजलं. माहितीपट जिथे जिथे गेला तिथे तिथे लोकांनी या वाक्याला उसासे टाकले, आणि मी ते नम्रपणे मोजले.

मग रोह्याकडच्या एका कंपनीच्या समाजसेवा विभागाने ठरवलं की जिथली गोष्ट तिथल्याच माणसांना दाखवू या. वरसे गावातला एक हॉल घेतला. कार्यक्रमाचा विषय होता 'रेझिलियन्स'. मला मराठी प्रतिशब्द विचारला, मी 'चिवटपणा' सुचवला, तो त्यांना फार चिवट वाटला. शेवटी बॅनरवर इंग्रजी शब्दच देवनागरीत छापला. माझ्या मते या शब्दाचा अर्थ एवढाच की त्यांनी सोसायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या. पण ही व्याख्या मला रविवारनंतर सुचली. शनिवारी मी चांगली इस्त्रीची साडी नेसून, टाळ्या घ्यायला निघाले होते.

हमरापूर, शनिवार

आमच्याकडे गणपती पाहुण्यासारखा येतो आणि जातो. हमरापुरात तो घरचाच असतो. ओटीवर गणपती, पडवीत गणपती, गोठ्यात म्हशीशेजारी गणपती. एका अंगणात तर तीन फुटी मूर्तीच्या उंचावलेल्या हातावर कोणीतरी टॉवेल वाळत घातला होता. सगळे पांढरेफटक आणि कोणालाच डोळे नाहीत. एवढ्या देवांमधून चालताना एकाचंही आपल्याकडे लक्ष नाही, याचं मला बरं वाटलं. पुढे तीन दिवसांत हे सुख फार टिकलं नाही.

कारखान्याचे मालक हरीशेठ म्हात्रे नवा शर्ट घालून दारातच उभे होते. चित्रीकरणाच्या वेळी त्यांनी चाळीस मिनिटं मुलाखत दिली होती. त्यांनी पहिला प्रश्न कौस्तुभला केला.

"माझं भाषण सगळं घेतलंव ना?"

"सार घेतलंय त्याचं," कौस्तुभ म्हणाला. माहितीपटात हरीशेठ बारा सेकंद आहेत, त्यातले सहा पाठमोरे.

हरीशेठनी मला कारखाना दाखवला. बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये बायका जमिनीवर बसून मूर्ती घासत होत्या. आत रंगाची खोली. तिच्याही आत, पडद्यामागे, आखणीची खोली. मूर्तीचे डोळे रेखतात त्याला आखणी म्हणतात आणि ते शेवटचं काम. त्या खोलीत दोन पुरुष स्टुलावर बसले होते, समोरच्या टेबलावर मूर्ती. बोलणं नाही, फोन नाही. चपला तर बाहेरच, पण घासकामाच्या बायकांनाही तिथे येऊ देत नाहीत. ओल्या रंगावर धूळ बसली की डोळा गेला.

"धुलीचा माणूस इथं नको," हरीशेठ म्हणाले. "सोंड जरा वाकडी झाली तर चालते, मॅडम. गिऱ्हाईक पहिली नजर बघतो. नजर चुकली की मूर्ती परत. गेल्या साली दोन मंडळं आली भांडायला. बोलली, बाप्पा आमच्याकडं बघत नाय, समोरच्या भिंतीकडं बघतो. मी बोललो, मंग तुमच्याच भक्तीत खोट हाय."

मी हसले आणि बाहेर शेडमध्ये आल्यावर जरा टेकायला म्हणून मागच्या पांढऱ्या ओट्यावर बसले. तो ओटा नव्हता, उंदीर होता. अजून ओला होता. इस्त्रीच्या साडीचं जे व्हायचं ते झालं आणि उंदराचंही. शेडमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सगळ्यांत मोठ्यांदा हसणारी उठली, ओलं फडकं घेऊन आली आणि माझी साडी पुसता पुसता म्हणाली, "राहू द्या बाई, त्याला नवी शेपटी लावतील. तुमची साडी मात्र गेली."

ही मंजुळा. मी तिला ओळखलंच नाही. निवेदन लिहिण्यासाठी मी तिला किमान तीस वेळा पडद्यावर पाहिलं होतं, पण हसताना एकदाही पाहिलं नव्हतं. वय पस्तिशीचं, आवाज खणखणीत, आणि बोलायला लागली की समोरच्याला मध्ये बोलायला जागा नाही. चित्रीकरणाच्या गमती तिनेच सांगितल्या.

"आमच्या वाडीत आले ना, तवा यांनी आमचा टीव्ही शेजारणीकडं नेऊन ठेवला. बोलले, फ्रेममधी नको. मंग शेजारीण पण फ्रेममधी आली, तर दोन टीव्ही तिसरीकडं. दोन दिवस अख्ख्या वाडीचे टीव्ही एका घरात, आणि सगली माणसं पण तिथंच. आमच्या घरात मी एकटी, चुलीपुढं, दुःखी."

कौस्तुभ तेवढ्यात फोनवर बोलायला लांब गेला. मंजुळाने फडकं पिळलं आणि हळूच विचारलं, "बाई, माझी आखणी पिक्चरमधी किती वेळ हाय?"

मी म्हटलं, "कसली आखणी?"

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. ती परत हसली आणि कामाला बसली.

संध्याकाळी हरीशेठच्या शेतात आमच्यासाठी पोपटी लावली. भात कापलेल्या जमिनीत वाल पेरलेले असतात. त्यांच्या कोवळ्या शेंगा, अंडी, मीठ-ओवा मडक्यात भरायचे, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाणी-तेलाचा थेंब नाही. आमच्याकडे असल्या शेंगा पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात आणि त्यावर शेतकऱ्याचा हसरा फोटो असतो. इथे त्या सुपात ओतल्या जातात आणि बोटं भाजून घेत खायच्या असतात. मी पोटाला तडस लागेस्तोवर खाल्ल्या. हरीशेठची बायको सारखी म्हणत होती, "घ्या गो मॅडम, लाजू नको." मी लाजत नव्हते, हे सुपाकडे पाहून तिला कळायला हवं होतं.

मंजुळा माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिने सगळं नीट सांगितलं. पंधरा वर्षं ती घासकाम करते आहे. शेडमागे फुटक्या, तडकलेल्या मूर्ती टाकतात. दुपारच्या सुट्टीत ती त्यांच्यावर डोळे काढून बघायची. असे तिने किती काढले त्याला मोजदाद नाही. हरीशेठना दोनदा विचारलं, आत बसू का? दोन्ही वेळा ते 'धूल' एवढंच बोलले. मग कौस्तुभ कॅमेरा घेऊन आला. तिने त्याला सरळ अट घातली : घासकाम काढा, चूल काढा, रडा बोलाल तर रडते, पण माझी आखणी काढायची. कौस्तुभ कबूल झाला. त्या दिवशी आखणीवाले लग्नाला गेले होते आणि हरीशेठ दारापुढे दुसऱ्या कॅमेऱ्याला मुलाखत देण्यात दंग होते. मंजुळाने शेडमागे, कॅमेऱ्यापुढे अकरा मूर्तींची आखणी केली. त्या मूर्ती पुढच्याच आठवड्यात मालात गेल्या. कोणाचे डोळे कोणी काढले, ते कोणालाच कळलं नाही.

"म्हणजे आता पिक्चरच तेवढा राहिला ना, बाई. उद्या शेठ बघतील. माझी आई येणार हाय रोह्यावरनं, वाडीची माणसं येणार. मी सगल्यांना सांगून ठेवलंय. शेठनी बघितलं की मंग नाय कसं बोलतील?"

माझ्या हातातली शेंग गार झाली. त्या माहितीपटात आखणीचं एकही दृश्य नाही, हे मला वीस मिनिटांच्या सेकंदासेकंदानिशी पाठ होतं. मी 'बघू उद्या' असं काहीतरी पुटपुटले. तोंडावर खरं सांगायचा धीर झाला नाही, आणि त्याला मी तेव्हा मनातल्या मनात संवेदनशीलता असं नाव दिलं.

परतताना कौस्तुभला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, शूट केलं होतं ना. सुंदर आहे. पण त्यात ती हसतेय हो! अकराच्या अकरा मूर्ती, आणि बाई मजेत. गोष्टीचा सगळा आर्क तुटतो. झुंज दिसायला हवी."

"अरे, तिची झुंज तीच आहे."

"पण ती तशी दिसत नाही ना. आणि खरं सांगू? तुमचं ते धुळीचं वाक्य आलं, आणि मग तो भाग बसेचना. दोन्हीतलं एकच राहणार होतं."

अशा रीतीने मला कळलं की पंधरा वर्षांची दुपारची सुट्टी एका बाजूला आणि माझ्या जेवणाच्या टेबलावरचं एक वाक्य दुसऱ्या बाजूला ठेवलं गेलं, आणि माझं वाक्य जिंकलं. झोप लागायला पोपटी आड आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

वरसे, रविवार

कुंडलिकेच्या पलीकडची टेकडी सकाळच्या धुक्यात छान दिसत होती. हे वाक्य मी प्रवासवर्णनाची रीत म्हणून लिहिते आहे. माझं लक्ष नदीकडे नव्हतं, शेजारच्या टेम्पोकडे होतं. त्यात मंजुळा, हरीशेठच्या शेडमधल्या बायका आणि हमरापूरच्या वाडीची माणसं उभी होती. मंजुळाने केसांत अबोलीचा गजरा घातला होता.

हॉल गच्च भरला होता. पुढच्या दोन रांगांत गाद्यांच्या खुर्च्या, त्या कंपनीच्या लोकांना. जिच्यावर माहितीपट होता तिला सहाव्या रांगेत बसवलं होतं. कोणीतरी कुरकुर केल्यावर तिसरीत आणलं आणि या बढतीचा फोटो काढला. कंपनीचे साहेब रेझिलियन्सवर वीस मिनिटं बोलले, म्हणजे माहितीपटाइतकेच. त्यांच्या बोलण्यावरून पूर, उपासमार आणि वीटभट्टी या गोष्टी नशीबवान लोकांनाच मिळतात असं वाटायला लागलं होतं. मग आलेल्या प्रत्येकाला प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एकेक रोप दिलं. पिढ्यान्‌पिढ्या रानात राहिलेल्या माणसांना रोप देण्याची ही कल्पना कोणाची, ते कळलं नाही. नदीकाठच्या वाडीतला एक म्हातारा ते उलटसुलट करून बघत होता. "शोभेचा हाय," तो शेजाऱ्याला बोलला. "शेली पण तोंड लावणार नाय."

दिवे गेले, पडदा उजळला. मी मुद्दाम मंजुळाच्या मागच्या रांगेत बसले होते. तिची म्हातारी आई पडद्याकडे मान लांब करून बघत होती. चुलीचं दृश्य आलं तशी वाडीची माणसं खो-खो हसली, कारण टीव्ही कुठे होते ते सगळ्यांना ठाऊक. साहेबांनी मागे वळून जरा नाराजीने पाहिलं. वंचितांनी स्वतःच्या दुःखाला हसावं, हे त्यांना अपेक्षित नसावं.

"आखणी कवा येते गो?" आईने विचारलं.

"आता येल. बघ तू."

धुळीचा लोट उठला. वाद्य रडलं. माझं वाक्य आलं. हॉलमध्ये निवेदिकेचा आवाज घुमला आणि पुढच्या रांगांतून टाळ्या पडल्या. मी माझ्या हातांकडे बघत बसले. त्यानंतर चार मिनिटांनी माहितीपट संपला आणि नावं वर सरकायला लागली. मंजुळा तरीही पडद्याकडे बघत होती. नावांनंतर येईल, असं तिला वाटलं असावं.

"संपला, आये," ती शेवटी म्हणाली.

आई लेकीचा गजरा नीट करत राहिली. मला आयुष्यात पुष्कळदा संकोच वाटला आहे, पण लाज वाटली ती त्या दोन मिनिटांत.

दिवे लागल्यावर हरीशेठ उठून मागे वळले. ते दुष्ट नाहीत. उलट त्यांचा आवाज समजुतीचा होता, म्हणून तो जास्त लागला.

"बघलंस ना गो मंजुला? मी बोलत होतो तेच पिक्चरमधी पण बोलले. हिच्या हाताला धूलच माहीत. शिकलेली माणसं उगाच बोलत नाय."

मंजुळा वळून माझ्याकडे बघायला लागली. "बाई, ते तुमी लिवलंव?"

"हो."

"बरं लिवलंय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तो असता तर मी उपकार मानले असते.

पुढे माझा सत्कार होता. शाल, नारळ, आणि निवृत्त प्राध्यापिकेच्या हाती माईक. माईक हाती आला की आम्ही लोक अर्धा तास सोडत नाही, हे आयोजकांना माहीत नव्हतं. मी दोनच मिनिटं बोलले. म्हटलं, ज्या वाक्याला तुम्ही टाळ्या वाजवल्या ते माझं आहे आणि ते खोटं आहे. मी ते या बाईंना न भेटता लिहिलं. या हातांना आखणी येते. ती कॅमेऱ्यात आहे, पण माहितीपटात नाही, कारण माझं वाक्य राहावं म्हणून ती कापली गेली. कौस्तुभच्या पिशवीत ती आत्ता आहे. दाखवायला सांगा.

कौस्तुभ माझ्याकडे असा बघत होता, जणू मागच्या बाकावर झोपलेला असताना मी त्याला खडू मारला असावा. "मॅडम, ते कच्चं आहे, रंग नीट केलेले नाहीत," तो खालूनच म्हणाला. पण साहेबांना फुकटात जादा काही मिळतंय एवढंच समजलं होतं. ते उठून म्हणाले, "वा वा, दाखवा!" आणि इंग्रजीत वेळ संपत आल्याचंही म्हणाले.

अकरा मिनिटं. निवेदन नाही, वाद्य नाही, नुसता मागे कुठेतरी कोंबडा. मंजुळा जमिनीवर बसलेली, मूर्ती स्टुलावर. ब्रश टेकताना ती श्वास धरते, उचलला की सोडते आणि हसते. परत श्वास, परत हसू. चौथ्या मूर्तीपासून हॉलमधली माणसंही तिच्याबरोबर श्वास धरायला लागली. शेवटी वाडीच्या बाजूने शिट्ट्या पडल्या. तिची आई मात्र ओरडली नाही, तिने डोळे पुसले आणि ते रोप मांडीवर घट्ट धरलं.

सगळे हरीशेठकडे बघत होते. त्यांनी मान खाजवली.

"पडद्यावर काय, पडद्यावर माणूस उडतो पण," ते म्हणाले. "नजर बसली का नाय, ते मूर्तीपुढं गेल्याशिवाय कलत नाय. उद्या ये. एक देतो. आंघोळ करून ये."

पुन्हा हमरापूर, सोमवार

माझं परतीचं तिकीट सोमवारच्या सकाळचं होतं. ते मी सोडून दिलं. कौस्तुभही थांबला. त्याला आता 'दुसरा भाग' दिसायला लागला होता.

मंजुळा न्हाऊन, ओले केस बांधून, लग्नातली वाटावी अशी साडी नेसून आली. दारात उभी राहून तिने दोन्ही तळवे हरीशेठपुढे धरले. "बघा शेठ, कुठं धूल हाय?" मग पडदा सारून ती आत आली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. खोली तिने चहूकडे बघून घेतली आणि म्हणाली, "पंखा पण हाय इथं."

दोन्ही आखणीवाले भिंतीला टेकून उभे होते. हरीशेठनी टेबलावर दीड फुटी मूर्ती ठेवली आणि स्टुलाकडे बोट केलं. मंजुळाने मूर्ती उचलून स्टुलावर ठेवली आणि स्वतः खाली फरशीवर मांडी घातली.

"हे काय उलटं?" एक आखणीवाला म्हणाला.

"तुमी टेबलाशी बसता, मूर्ती तुमच्या बरोबरीत," ती ब्रश निवडत म्हणाली. "बरोबरीत डोलं काढलं की बाप्पा सरळ बघतो. पण घरी त्याला मखरात वर बसवतात, माणूस खाली बसतो. मंग तो माणसाच्या डोक्यावरनं भिंतीकडंच बघणार. मी पंधरा वर्सं खालीच बसते ना घासायला. मला त्याचं तोंड खालूनच माहीत हाय."

हरीशेठ एकदम माझ्याकडे बघायला लागले. ती दोन मंडळं त्यांनाही आठवली असणार.

पहिली वरच्या पापणीची रेघ. मग दुसऱ्या डोळ्याची, पहिलीच्या जोडीला. एकदा ओढली की खोडायची सोय नाही, पुसायला गेलं की खालचा रंग निघतो. बाहेरच्या शेडमध्ये घासकाम थांबलं होतं आणि पडद्याच्या फटीतून सात-आठ डोळे आत बघत होते. मंजुळाचा उजवा हात स्थिर होता, पण डाव्या हाताने तिने स्वतःचा पदर मुठीत इतका आवळला होता की काठ चुरगळला. आज ती हसत नव्हती. बुबुळं भरताना तिच्या कपाळावरून घामाचा थेंब ओघळला आणि तिने तो खांद्याने टिपला, हात न हलवता. शेवटी पांढऱ्याचा एकेक ठिपका. ब्रश बाजूला ठेवून ती सरकून भिंतीपाशी गेली आणि जमिनीकडे बघत बसली.

हरीशेठनी मूर्ती उभ्याने पाहिली, त्यांना काही कळेना. मग त्यांनी धोतर सावरलं आणि आपल्या गुडघ्यांची तक्रार ऐकत ऐकत फरशीवर, मंजुळा बसली होती त्याच जागी, बसकण मारली. वर पाहिलं. डावीकडे सरकले, परत पाहिलं. बराच वेळ गेला.

"अगो," त्यांनी बायकोला हाक मारली. "इकडं ये. बस इथं खाली."

ती स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी आली. "काय झालं?" म्हणत बसली आणि तिने मान वर केली. पिठाचेच हात तिने डोक्यावरून पदर घ्यायला नेले, आणि मग जोडले. आपण काय केलं ते तिच्याही नंतर लक्षात आलं. ती घाईघाईने उठली आणि तव्यावर भाकरी आहे म्हणत निघून गेली.

हरीशेठ उठले. धोतर झटकलं.

"उद्यापासनं रोज आंघोळ करून ये," ते म्हणाले.

"मी रोजच करते, शेठ," मंजुळा म्हणाली. पण ते बोलताना तिचा आवाज फुटला, आणि एवढी बोलकी बाई पदरात तोंड घालून रडायला लागली. शेडमधून आरडाओरडा झाला. मीही रडले. साडी आधीच गेलेली होती.

कौस्तुभ इतका वेळ प्रकाश जमवण्यात गुंतला होता. तो पुढे झाला. "शेठ, ते खाली बसणं परत एकदा कराल का? काकूंना पण बोलवा. बॅटरी संपली होती, आता बदलली." हरीशेठनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि मग कौस्तुभकडे. ती नजर मात्र बरोबर बसली होती.

याला आता बरेच महिने झाले. मंजुळा आखणीच्या खोलीत बसते, फरशीवरच. छोट्या मूर्ती तिच्याकडे, मोठ्या अजून त्या दोघांकडे. घाईच्या दिवसांत तिला शेडमध्येही बसवतात, तेव्हा ती परत एकदा न्हाते. म्हणजे सगळं गोड झालं असं नाही. माहितीपट अजून फिरतो आहे. माझं वाक्य काढून टाक, असं मी कौस्तुभला तीनदा सांगितलं, पण अंतिम प्रत पक्की झाल्यावर हात लावता येत नाही म्हणे. त्यामुळे गावोगावच्या अंधाऱ्या हॉलमध्ये मंजुळाच्या हातांना अजूनही फक्त धूळच ठाऊक आहे. मध्यंतरी कुठेतरी त्या निवेदनाला पुरस्कारही मिळाला. मानपत्र घरी आलं आहे. ते मी कपाटात पालथं ठेवलं आहे.

यंदा आमचा दीड दिवसाचा गणपती मी हमरापूरहून आणला. डोळे मंजुळाचे. मखरात बसवला आणि खाली सतरंजीवर बसून वर पाहिलं. नजर अचूक बसली आहे. आलेला प्रत्येक जण तेच म्हणाला, अगदी आपल्याकडेच बघतोय हो! मी त्यांना मंजुळा वाघमारेचं नाव सांगत होते. आरतीच्या वेळी मात्र मी टाळ घेऊन जरा बाजूला, दाराच्या आड उभी राहिले. तिथवर त्याची नजर पोचत नाही.